रिकम्बंटवर हंगामातली पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे: तयारीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत

पावसाळाभर सायकल घरात उभी असते. दिवाळी उरकते, नोव्हेंबरात ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचा, नवा हंगाम सुरू होतो आणि लगेच पहिल्या २०० किलोमीटरला नाव नोंदवलं जातं. साध्या सायकलवर ही घाई कशीबशी निभावून नेता येते. रिकम्बंटवर, म्हणजे मागे रेलून आणि पाय पुढे करून चालवायच्या सायकलवर, मात्र ती अंगाशी येते. पाठीला टेका असतो, हातांवर भार नसतो, बूड दुखत नाही, त्यामुळे थकवा लवकर जाणवतच नाही. जाणवतो तेव्हा गुडघा धरलेला असतो आणि घर अजून ७०-८० किलोमीटर लांब असतं.

चूक बहुधा क्रमात होते. आधी किलोमीटर वाढवायचे, दुखायला लागलं की बूम (पॅडल ज्यावर बसवलेले असतात तो पुढचा सरकता दांडा) हलवायचा आणि सामान आदल्या रात्री कोंबायचं, असं चालतं. खरा क्रम असा: आधी बसण्याचं माप, मग सायकलची दुरुस्ती, मग पाय, मग सामान आणि दिवे. वेळेचा हिशोब सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी पुणे–भिगवण–पुणे हा मार्ग धरला आहे. सोलापूर रस्त्याने भिगवण १०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत मोठा घाट नाही. रिकम्बंटवरच्या पहिल्या ब्रेव्हेसाठी मी कात्रज-खंबाटकीपेक्षा हाच रस्ता सुचवेन. लेखात दोन चाकी रिकम्बंट आणि पुढे दोन चाकं असलेली ट्राइक, दोन्हींचा विचार केला आहे.

टप्पा १: सहा आठवडे आधी, बूमचं माप

साध्या सायकलवर सीट उंच झाली तर कंबर डावी-उजवी हलते आणि चूक लगेच कळते. रिकम्बंटवर सीट तुम्हाला मागून धरून ठेवते. बूम दीड सेंटीमीटर लांब असला तरी पहिले ३० किलोमीटर काही जाणवत नाही, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

१. ब्रेव्हेला जे बूट घालणार तेच घाला आणि पाठ सीटला पूर्ण टेकवून बसा. सायकल कुणाला तरी धरायला सांगा.

२. पॅडल सर्वांत लांब असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. टाच पोचवायला कंबर पुढे सरकवावी लागली तर बूम लांब आहे, गुडघा ठळक वाकलेला राहिला तर आखूड आहे.

३. आता क्लीट (बुटाच्या तळाचा, पॅडलमध्ये अडकणारा तुकडा) अडकवून हळू पॅडल मारा. सर्वांत लांबच्या बिंदूलाही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे.

४. बूम घट्ट करण्याआधी समोरून बघा. सरकवताना तो थोडा फिरतो आणि पॅडलचा दांडा एका बाजूला कलतो. एवढ्याशा कलण्याने एकच गुडघा दुखतो आणि कारण सापडत नाही.

५. माप पक्कं झालं की बूम जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे पर्मनंट मार्करने रेघ मारा.

क्लीट शक्य तितकी मागे, टाचेकडे सरकवा. रिकम्बंटवर पाय हृदयाच्या पातळीला किंवा त्याहून वर असतात आणि चवडा सतत पॅडलवर दाबलेला राहतो. बोटं बधिर होतात, तळव्याची आग होते. क्लीट मागे घेतल्याने यातलं बरंचसं थांबतं. बूटही अर्धा नंबर सैल असलेला बरा.

तपासा: बूम १ सेंटीमीटर पुढे गेला की चेन २ सेंटीमीटर जास्त लागते, कारण ती वरून जाते आणि खालून परत येते. माप बदललं असेल तर पुढची मोठी दातेरी चकती आणि मागची मोठी दातेरी चकती अशा जोडीवर चेन हाताने फिरवून बघा. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) ताणून आडवा झाला तर चेनमध्ये कड्या वाढवायला हव्यात.

टप्पा २: पाच आठवडे आधी, पावसाळ्याचा गंज आणि चिखल

रिकम्बंटला साध्या सायकलच्या अडीच-तीन पट चेन असते. ती प्लास्टिकच्या नळ्यांतून आणि मधल्या पुलीवरून जाते, आणि पावसाळ्याची खरी घाण या नळ्यांतच साचते. बाहेरून चेन चकचकीत दिसते. नळी काढून आत कापडाची चिंधी तारेने ओढली की काळी, वाळूमिश्रित चिकटण बाहेर येते. ती तशीच राहिली तर प्रत्येक पॅडलला थोडी ताकद त्या घासण्यात जाते आणि चेनही लवकर झिजते.

नळ्या काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. चेनला तेल नळी बसवल्यावर द्या आणि वरचं पुसून टाका, कारण नोव्हेंबरात रस्त्यावर धूळ असते आणि जादा तेल ती धरून ठेवतं. मधली पुली बोटाने फिरवा. ती आवाज न करता फिरली पाहिजे. तिच्यात डगडग असेल तर बेअरिंग बदला.

ब्रेकच्या केबली, ब्रेक पॅड आणि हेडसेट (हँडल ज्यात फिरतं ते बेअरिंग) नेहमीप्रमाणे बघून घ्या. पुढचं २० इंची चाक मात्र नीट तपासा. लहान चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे पडतात, टायर लवकर झिजतो. टायरवर बारीक कापल्याच्या खुणा असतील तर तो सरावाला ठेवा आणि ब्रेव्हेला नवा घाला. सोलापूर रस्त्याच्या कडेला बाभळी आहेत आणि कडेला गेलं की काटा टायरमध्ये शिरतोच.

खबरदारी: नवा टायर, नवी चेन, नवी सीट, काहीही बसवायचं ते ब्रेव्हेच्या दोन आठवडे आधीपर्यंतच. त्यानंतर फक्त हवा आणि तेल.

टप्पा ३: पाय तयार करणं

धावण्याचे, जिमचे किंवा साध्या सायकलचे पाय रिकम्बंटवर जसेच्या तसे चालत नाहीत. मांडीचा कोन वेगळा असतो आणि ढुंगणाचे, मांडीच्या मागचे स्नायू वेगळ्या क्रमाने काम करतात. पावसाळ्यात तुम्ही साधी सायकल चालवली असली तरी रिकम्बंटचे पाय पुन्हा घडवावे लागतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. साध्या सायकलवर पॅडलवर जोर टाकायला मर्यादा असते: जास्त दाबलं तर तुम्ही सीटवरून वर उचलले जाता. इथे पाठीमागे सीट आहे. तिला रेटा देऊन स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर पॅडलवर लावता येतो आणि तो सगळा गुडघ्यातून जातो. म्हणून सरावाचा पहिला नियम हलका गिअर आणि भरभर पाय. मिनिटाला ८५-९० फेरे हे लक्ष्य ठेवा. ७० च्या खाली आलात की गिअर उतरवा, वेग कितीही असो.

आठवड्यातून दोनदा तास-दीड तास आणि रविवारी एक लांब फेरी पुरते. लांब फेऱ्यांचा चढता क्रम ४०, ६०, ८०, १००, १३० किलोमीटर असा ठेवा. १३० ची फेरी ब्रेव्हेच्या दोन आठवडे आधी झाली पाहिजे. शेवटच्या आठवड्यात फक्त एक-दोन छोट्या फेऱ्या मारा. राहून गेलेले किलोमीटर शेवटच्या आठवड्यात भरून काढायला जाऊ नका. त्यातून ताकद वाढत नाही, फक्त पाय थकतात.

सरावात या गोष्टी मुद्दाम करा:

- चढावर थांबा आणि पुन्हा निघा. दोन चाकी रिकम्बंटवर हे सर्वांत अवघड काम आहे. थांबण्याआधी हलका गिअर टाकलेला असायला हवा, निघताना जोरकस पाय वरच्या पॅडलवर, आणि पहिला दाब निश्चयाने. दुसरा पाय घाईने क्लीटमध्ये शोधू नका, दोन फेरे झाले की तो आपोआप बसतो.
- एक फेरी पहाटे अंधारात सुरू करा.
- चालत्या सायकलवर आरशात बघून सरळ रेषेत राहा. मान वळवून मागे बघणं रिकम्बंटवर होत नाही. आपल्याकडे वाहनं उजवीकडून पुढे जातात, म्हणून उजवा आरसा हवाच. डावाही असला तर उत्तम.

खबरदारी (ट्राइकवाल्यांसाठी): चालत्या ट्राइकवर पाय पॅडलवरून निसटून जमिनीला लागला तर तो मागे ओढला जाऊन फ्रेमखाली अडकतो. घोटा किंवा पाय मोडू शकतो. क्लीट किंवा टाच धरणारे पट्टे नसतील तर ट्राइक लांबच्या प्रवासाला काढू नका.

टप्पा ४: दिसणं

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त आग्रही आहे. ब्रेव्हेला हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट लागतं, आणि सगळे ते आणतात. पण रिकम्बंटवर तुमची पाठ सीटला टेकलेली असते. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला जॅकेटची एकही पट्टी दिसत नाही. पुढून जॅकेट दिसतं, मागून फक्त काळी सीट आणि बॅग.

उपाय सोपा आहे. चमकती पट्टी सीटच्या पाठीला आणि मागच्या बॅगेला शिवून किंवा चिकटवून घ्या. दोन मागचे दिवे लावा: एक सीटच्या सर्वांत वरच्या टोकाला, एक खाली कॅरिअरला. बॅग भरल्यावर ती फुगते आणि दिवा झाकते. म्हणून सामान भरून झाल्यावर अंधारात वीसेक पावलं मागे जाऊन स्वतः बघा. ट्राइकला आणि बुटक्या रिकम्बंटला उंच काठीवरचा झेंडा लावा, भडक केशरी किंवा पोपटी.

पुढचा दिवा बूमच्या टोकाला, पावलांच्या पुढे हवा. तो हँडलवर लावला तर रस्त्यावर पावलांची सावली नाचत राहते. बूमवरचा दिवा खाली असतो, त्यामुळे प्रत्येक छोट्या खड्ड्याची सावली मोठी पडते आणि उथळ-खोल कळेनासं होतं. हेल्मेटवर दुसरा छोटा दिवा असला की हा घोळ मिटतो. हेल्मेटचा मागचा भाग डोकं टेकायच्या उशीला अडत नाही ना, तेही आधीच बघून घ्या.

आणखी एक गोष्ट फक्त या रस्त्याची. सकाळी तुम्ही पूर्व-आग्नेयेला निघालेले असता आणि नोव्हेंबरात सूर्य जवळजवळ त्याच दिशेला उगवतो. तुमच्या डोळ्यांवर ऊन येतं हा त्रास वेगळा. मोठा धोका मागच्या ड्रायव्हरचा आहे, त्याच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं आणि तुम्ही त्याच्या बंपरच्या उंचीवर असता. मागचे दिवे दिवसाही लुकलुकते ठेवा, निदान सकाळी नऊपर्यंत.

टप्पा ५: सामान, आदल्या दिवशी सकाळी

आदल्या रात्री नाही, सकाळी. काही कमी निघालं तर दुकानं उघडी असतात.

पुढचं आणि मागचं चाक वेगळ्या मापाचं असेल तर दोन्ही मापांच्या ट्यूब घ्या, प्रत्येकी दोन. २० इंचात दोन मापं मिळतात, ४०६ आणि ४५१. टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचूनच ट्यूब विकत घ्या. गावातल्या दुकानात लहान मुलांच्या सायकलची २० इंची ट्यूब मिळू शकते, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो आणि रिममधलं भोक बारीक असेल तर जात नाही. म्हणून भरवसा आपल्याच ट्यूबवर.

चेनचा एक वीतभर तुकडा, दोन जोडकड्या, चेन तोडायचं हत्यार, ॲलन चाव्या (बूमच्या बोल्टला बसणारी आहे ना, बघा), केबल टाय, चिकटपट्टी, पंप, पंक्चरचं साहित्य.

पाण्यासाठी नळीची पिशवी सीटच्या मागे लावणं सर्वांत सोयीचं, दोन लिटरची. तोटा एवढाच की किती उरलं ते दिसत नाही. म्हणून कंट्रोलवर (ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणी) आणि मधल्या थांब्यांवर न चुकता भरा.

उन्हाचा मारा रिकम्बंटवर समोरून येतो: चेहरा, हनुवटीखालचा गळा, मांड्यांचा वरचा भाग, नडग्या. सनस्क्रीन तिथे लावा. टोपीचा पुढचा छज्जा आणि गडद चष्मा हवाच. संध्याकाळसाठी पांढऱ्या काचेचा चष्मा वेगळा घ्या. नाहीतर अंधारात किडे डोळ्यांत जातात, कारण तोंड थेट वाऱ्याकडे असतं.

तपासा: सगळं सामान बांधून ५ किलोमीटर फिरून या. मागे जास्त वजन झालं की दोन चाकी रिकम्बंटचं पुढचं चाक हलकं पडतं आणि हळू वेगात डगमगतं. जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ सरकवा.

टप्पा ६: वेळेचा हिशोब

२०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात. मार्ग २०४-२०५ किलोमीटर भरला तरी वेळ तेवढाच. सकाळी ६ ला निघालात तर संध्याकाळी ७:३० ला शेवट. १०० किलोमीटरवरचा कंट्रोल ताशी ३४ च्या हिशोबाने ८:५६ ला उघडतो आणि ताशी १५ च्या हिशोबाने १२:४० ला बंद होतो.

चालतं असताना ताशी १८ चा वेग पडला तर २०० ला ११ तास ७ मिनिटं लागतात आणि थांब्यांसाठी २ तास २३ मिनिटं उरतात. ताशी २० पडला तर साडेतीन तास. पहिल्या ब्रेव्हेला १८ धरूनच आखणी करा. सपाट रस्त्यावर रिकम्बंट सहज २५ ने जाते हे खरं, पण ट्रॅफिक आणि शेवटचे ४० किलोमीटर या सरासरीत असतात. बहुतेकांची वेळ थांब्यांवर जाते, रस्त्यावर नाही.

स्वतःची गाडी मागे-पुढे ठेवता येत नाही. घरच्यांची मदत फक्त कंट्रोलवर चालते. घरच्यांना हे आधी नीट समजावून सांगा, नाहीतर कौतुकाने वाटेतल्या यवतला डबा घेऊन उभे राहतील.

टप्पा ७: सुरुवात ते भिगवण

निघताना घोळक्याच्या मागे, डाव्या कडेला उभे राहा. पहिल्या दहा-पंधरा फुटांत दोन चाकी रिकम्बंट थोडी डोलते आणि शेजारच्याला ते अपेक्षित नसतं.

हडपसर ते लोणी काळभोर गर्दी असते, लोणीत इंधनाचे टँकर आत-बाहेर करत असतात. कुठल्याही मोठ्या वाहनाच्या मागे चिकटून जाऊ नका. त्याच्या पलीकडचा खड्डा तुम्हाला दिसत नाही आणि त्याच्या आरशात तुम्ही दिसत नाही.

उरुळी कांचन सोडलं की रस्ता मोकळा होतो, आणि खरी परीक्षा इथे सुरू होते. पुण्याहून भिगवणकडे रस्ता एकूणात थोडा उतरता आहे. नोव्हेंबरात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे समोरून येतो. रिकम्बंट वाऱ्याला कमी अडते. साध्या सायकलवाले डोकं खाली घालून झुंजत असतात आणि तुम्ही सहज त्यांच्या पुढे निघता. अंग ताजं, आराम भरपूर, वेग चांगला. याच उत्साहात चौफुल्यापर्यंत जड गिअर ओढणारे परतीच्या वाटेवर गुडघा चोळत बसतात. पहिले ६० किलोमीटर गप्पा मारता येतील एवढ्याच जोराने चाला. बोलताना वाक्य तुटायला लागलं की गिअर उतरवा.

दर अर्ध्या तासाने काहीतरी खा: राजगिऱ्याची वडी, खजूर, केळं, चिक्की. घास गिळताना डोकं उशीवरून उचला आणि घास छोटा घ्या. मागे रेलून कोरडं खाल्लं की ठसका लागतो आणि त्याच क्षणी हँडल हलतं. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दोन-तीन तासांतून एकदा ओआरएस.

खबरदारी: रंबलर, गतिरोधक आणि खड्डे यांच्यावर रिकम्बंटवर अंग उचलता येत नाही. लहान पुढचं चाक खड्ड्यात पूर्ण उतरतं आणि हिसका थेट पाठीत बसतो. आधीच वेग कमी करा, मान उशीवरून उचला आणि सरळ पार करा. ट्राइकवाल्यांनी तीन चाकांच्या तीन रेषा लक्षात ठेवाव्यात, मधल्या चाकाचा खड्डा नेहमी विसरला जातो.

कुत्रं धावून आलं तर वेग वाढवू नका. त्याचं तोंड तुमच्या खांद्याच्या उंचीला असतं. मोठ्याने ओरडा, गरज पडल्यास थांबा. थांबलेल्या सायकलमधला त्याचा रस बहुतेकदा संपतो.

टप्पा ८: भिगवणचा थांबा

क्रम पाठ करून ठेवा: शिक्का, पाणी, जेवण. शिक्का आणि वेळ कार्डावर नीट उमटली का ते तिथल्या तिथे वाचा.

भिगवणचं मासळीचं ताट प्रसिद्ध आहे, पण ते परत कधीतरी. मसालेदार, तेलकट जेवण करून मागे रेललं की आंबट ढेकरा वर येतात, आणि रिकम्बंटवर पुढचे सात तास तुम्ही रेललेलेच असता. दहीभात, वरणभात, इडली, ताक. अर्ध्या पोटी उठा आणि तासाभराने पुन्हा थोडं खा.

थांब्यावर बसून राहू नका, बसायचं काम सायकलवर होतंच आहे. दहा मिनिटं चाला, मांडीचा मागचा भाग आणि ढुंगणाचे स्नायू ताणा. पाय बधिर असतील तर बूट काढा. एकूण थांबा ४० मिनिटांच्या आत.

टप्पा ९: परतीचा रस्ता आणि अंधार

वारा आता पाठीशी असतो. त्याने मदत होते, पण अंगाला वारा लागत नाही आणि दुपारचं ऊन जास्त जाणवतं. कुरकुंभ-पाटस पट्ट्यात पाणी दुप्पट लक्ष देऊन प्या. रस्ता हळूहळू चढता आहे, डोळ्यांना तो सपाट दिसतो. वेग ताशी दोन-तीनने कमी झाला तर घाबरून रेटा देऊ नका, पायांचे फेरे तेवढेच ठेवून गिअर उतरवा. साध्या सायकलवर माणूस उभा राहून पाय मोकळे करतो. तुम्हाला ती सोय नाही, म्हणून दर तासाला अर्धा मिनिट पाय थांबवून सायकल नुसती जाऊ द्या आणि पावलं हलवा.

चार वाजता वाटेत कुठेही असलात तरी चेन, टायर आणि दिव्यांचं चार्जिंग एकदा बघा. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. याच काळात साखर कारखान्यांचे गाळप सुरू होतात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, काही कडेने उलट्या दिशेनेही येतात. तुमच्या खालच्या दिव्याच्या झोतात ट्रॉलीचं चाक दिसतं, वरून बाहेर आलेले उसाचे शेंडे दिसत नाहीत. ट्रॉलीपासून दोन हात जास्त अंतर ठेवा. तिच्या मागे थांबावं लागलं तर चिकटून थांबू नका.

लोणी ते हडपसर संध्याकाळी कोंडी असते. या पट्ट्यासाठी तासभर वेगळा ठेवा. हिशोबात हा तास धरला नाही तर १८० किलोमीटर उत्तम चालवूनही वेळ हातून जाते.

टप्पा १०: शेवटच्या शिक्क्यानंतर

कार्डावरचे सगळे शिक्के, वेळा आणि तुमची सही बघून मगच कार्ड द्या. लगेच गाडीत बसू नका, पंधरा मिनिटं चाला.

दुसऱ्या दिवशी दुखतं कुठे ते लिहून ठेवा, कारण जागा कारण सांगते. गुडघ्याच्या समोर दुखत असेल तर बूम आखूड आहे किंवा गिअर जड ओढले गेले. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर बूम लांब आहे. ढुंगणाचे स्नायू भरून आले असतील तर सीट जास्त उभी आहे का ते बघा. मानेला त्रास असेल तर उशीची उंची. बूम हलवायचा तर मार्करच्या रेघेपासून एका वेळी ३ मिलिमीटर, त्यावर एक ५० किलोमीटरची फेरी, मग पुढचा बदल. दुखणं पूर्ण गेल्याशिवाय ३०० किलोमीटरची नोंदणी करू नका.